नांगर

पापाच्या तिकटीला, चपलांच्या रांगेत शेवटी,
जिथं कातड्याचा वास संपतो आणि माझी काच सुरू होते,
तिथं एक्केचाळीस वर्षं मी
लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण
शिसपेन्सिलीनं निगेटिव्हवर बुजवत आलो.
ब्रशचं टोक जिभेवर काढायचो;
शाईची चव अजून गेली नाही तोंडातली.

आता कॉम्प्युटर.
चोरून टाकलेलं सॉफ्टवेअर ऐन दिवाळीत बंद पडलं,
तेव्हा शेजारच्या सातपुत्यांच्या पोरानं
हे फुकटातलं घालून दिलं.
फुकट म्हटल्यावर मी बिचकलोच.
आमच्याकडं फुकट दोनच गोष्टी:
सल्ला, आणि निवडणुकीतला तांबडा रस्सा.
पण चालू करताना एक प्राणी दिसतो,
कोल्हा का कुत्रा कळत नाही,
तोंडात ब्रश धरलेला.
म्हटलं, हा आपल्यातला.

मग कसबा बावड्याच्या अक्काताई चौगुले आल्या,
पिशवीत पेपर, पेपरात फोटो:
तालमीतली अकरा पोरं, लंगोट लावून,
कडेला त्यांचा भाऊ दगडू.
"एवढाच हाय त्येचा. एकटा काढून द्या.
आईच्या शेजारी लावायचाय."

कापला दगडूला. कान, केस, सगळं नीट.
कोऱ्या पानावर आणून ठेवला
आणि तिथंच गाडी अडली.
ब्रश फिरवला तर उमटेना, पुसलं तर पुसेना,
नुसती त्याच्याभोवती मुंग्यांची रांग चाललेली,
साखर सांडल्यागत.
तीन तास.
दोन गिऱ्हाइकं आधारकार्डाचे फोटो न काढता गेली.

सातपुत्यांचा पोरगा परीक्षेला पुण्यात.
त्यानं नंबर दिला, त्याच्या कॉलेजातली,
वेंगुर्ल्याची तेजल केळुसकर.
मागं कुकरच्या शिट्ट्या होत असताना तिनं ऐकून घेतलं.
"काका, तुमची निवड तरंगतेय."
"म्हणजे?"
"म्हणजे तो अजून कुठेच टेकला नाही.
खाली नांगर आहे बघा. तो दाबा."

चष्मा पुसला. नांगर शोधला.
फाळ नाही, रुमणं नाही, हाळीस नाही,
बैलाचं तर नावच नको.
"दिसंना गा पोरी."
"आकड्यासारखा, काका. उलटा.
समुद्र बघितला नाही का कधी?"

बघितलाय.
गणपतीपुळ्याला, लग्नानंतर, दोन दिवस.
होड्याही बघितल्या;
त्या थांबतात कशावर, ते विचारायचं राहिलं.
तिच्या गावात नांगर टाकतात, की होडी थांबते.
आमच्यात नांगर धरतात, की बैल चालतात.
मधे एक घाट आहे फक्त.

दाबला.
मुंग्या गेल्या.
दगडू पानावर टेकला, पाठ भिंतीला लावल्यागत.

"किती पाठवू?" मी विचारलं.
"कसले? सॉफ्टवेअरचे दिलेत का कुणाला?"
आणि हसली, आणि कुकर बंद करायला गेली.

मग दिसलं:
दगडूच्या खांद्यावर चार बोटं राहिली होती.
शेजारच्या पोराची. पोरगा कापला गेला, हात नाही.
हे काम मला येतं.
इथली चांगली कातडी उचलायची, तिथं ठेवायची,
पेन्सिल असो की माऊस.
करंगळी पुसली. बेमालूम.
दुसऱ्या बोटाशी आलो आणि फोन लावला बावड्याला.

"कुणाचा हात म्हनायचा?"
अक्काताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मागं गिरणीचा पट्टा फिरत होता.
"न्हाई आठवत आता.
एकटा काढा म्हटलं हुतं,
खरं राहू दे."

उलटं जायचं बटन एकदाच दाबलं.
एक्केचाळीस वर्षांत मी पुसलेलं काही
परत आलं नव्हतं कधी.
करंगळी आली. आपल्या जागी बसली,
नखातल्या मातीसकट.