टिचकी

विजयनगरच्या सिग्नलला हळदीच्या टेम्पोनं
मागून ढोसलं, आम्ही पुढं दुभाजकावर.
इतकंच.
डिकी मिटेना, एक दिवा लोंबला,
टेम्पोवालं पोरगं कवठेपिरानचं, उतरून हात जोडून उभं,
आमच्या मागच्या काचेवर पिवळी पूड.

मी आधी मागच्या सीटवरचे भोपळे बघितले.
सहा होते, चादरीत गुंडाळलेले,
मेहुण्याच्या माळ्यावर दोन उन्हाळे वाळलेले.
मग जैबूकडं बघितलं.
"मला काय झालं नाही," ती म्हणाली,
"तुमचंच बघा. स्टेअरिंग लागलं ना छातीला?"

मिरजेच्या सिव्हिलला कॅज्युअल्टीत ट्यूब तीन, चालू दोन.
डॉक्टर म्हणजे कस्तुरे आडनावाची पोरगी,
माझ्या धाकटीच्या वयाची,
डोळ्यांत दोन रात्रींचं जागरण.
"बाहेरून काही दिसत नाही, काका,
म्हणून तर बघायचं."
डावा पंजा माझ्या पोटावर पालथा ठेवला
आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटानं
त्यावर टक् टक् वाजवलं.
कान दिला.
जरा सरकली. पुन्हा टक्.

मला हसू आलं. बरगडीत कळ आली, हसू गिळलं.
अगं पोरी, चाळीस वर्षं मी हेच करतोय.
भोपळा कानाशी धरायचा आणि टिचकी.
चांगला असला तर विहिरीत हाक मारल्यासारखा बोलतो.
टिचलेला असला तर
गालात सुपारी धरून बोलणाऱ्या माणसासारखा.
डोळ्याला चीर दिसत नाही.
वरून रंग चढतो, लाख चढते, वेलबुट्टी चढते,
आणि सहा महिन्यांनी कुणाच्या तरी मांडीवर
तारा ओढताना फाटतो.
शिव्या मग सतारवाल्याला.

पोटावर गार जेली. काळ्या पडद्यावर राखाडी खळबळ.
तिला त्यात लिव्हर दिसलं, प्लीहा दिसली,
मला कायच नाही.
"रक्त कुठं साचलेलं नाही.
उलटी झाली, चक्कर आली, पोट फुगलं,
तर रात्री दोन वाजले तरी या."
मग बाकड्याकडं बघून, "आणि काकूंना?"
"मी नुसती बसले होते गाडीत," जैबू म्हणाली.
तेवढ्यात साप चावलेला एकजण खांद्यावरून आत आणला.
मी शर्टाची बटणं लावत होतो.
मी काहीच बोललो नाही.

घरी येऊन सहाही भोपळे वाजवले.
सहाही बोलले, खणखणीत.
मी म्हटलं, सुटलो.

जैबूनं चहा दिला, उजव्या हातानं.
डब्याचं झाकण तिनं पोटाशी धरून उघडलं.
डोक्यावरचा पदर घसरला
तो उजव्या हातानं, वळसा घालून, वर घेतला.
डावा हात नुसता होता.
"काय झालं?"
"काय नाही."

हे 'काय नाही' मी एकतीस वर्षं ऐकतोय,
बाळंतपणात, उधारीत, आमची थोरली गेली तेव्हासुद्धा.
कान कधी लावला नव्हता.
आज लावला.
पदर बाजूला केला तर गळ्याच्या हाडावर आडवा
पट्ट्याएवढा जांभळा वळ,
आणि हाड एका जागी उंचावलेलं.
माझं बोट सवयीनं पुढं गेलं
आणि हवेतच थांबलं.

अकरा वाजता रिक्षा. खड्डा आला की ती
रिक्षावाल्याच्या सीटकडं बघायची, माझ्याकडं नाही.
"भोपळे झाकले का?" एवढंच विचारलं.

ट्यूब अजून दोनच.
कस्तुरे थर्मासच्या टोपणातून चहा पीत होती,
आम्हाला बघून टोपण तसंच ठेवून उठली.
केसपेपरच्या खिडकीत कारकुनानं नाव लिहिलं.
"वय?"
मी तोंड उघडलं. आठवेना.
आठवेना म्हणजे, माहीतच नव्हतं.
"त्रेपन्न," माझ्या मागून जैबू म्हणाली,
खांदा धरून.