किती हिवाळे

सकाळचे साडेसहा. तोकमोकच्या गाडीबाजारात
रांगेतल्या एकूणएक बॉनेटवर दहिवर गोठलेलं,
हिच्यावर नाही.
हातमोजा काढून मी तळवा टेकवला.
कोमट.
म्हणजे आम्ही यायच्या आधीच कोणीतरी
हिला उठवून, खोकून घ्यायला लावून,
तोंड पुसून उभं केलं होतं.

"चहा घेऊ," मी बुरुलकानला म्हटलं.
"आत्ता?"
"दोन तास घेऊ."

ती नारीनच्या वरच्या अंगाला गुरांची डॉक्टर.
घोड्याचा ओठ उचलून दातांवरून वय सांगते,
मालक काहीही शपथा घेवो.
मला दीड हजार सोम देऊन सोबत आणलं,
कारण हिला ओठ नाहीत.

विकणारा तुर्सुनाली. टोपी नवी, बूट जुने.
मीटरवर दोन लाख एकोणतीस हजार,
पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून पत्रा दिसतोय,
आणि चालकाच्या सीटला खड्डा
इतका जुना की त्यावरून मी माणूस ओळखला असता:
जाडजूड, दाराकडे कललेला,
कोपर बाहेर टाकून चालवणारा.
आकडा फिरवता येतो.
खड्डा कसा फिरवणार?

"चार लाखांच्या पुढे गेलीय."
तुर्सुनाली डोंगराकडे बघत राहिला.
त्याचा कोटसुद्धा डावीकडे खाली ओघळलेला.

मी खाली शिरलो. पाठीला बर्फाचा चिखल.
हातोडीने चासी ठोकत गेलो,
टण्, टण्, टण्,
आणि मागच्या स्प्रिंगपाशी एकदाच
थप्प.
अंगठा आत जाईल एवढा गंज.
बाकी सांगाडा धड.
खालून मला दोघांचे बूटच दिसत होते.
तिचे स्थिर. त्याचे नाहीत.

या कामाचं खरं सांगू?
जिला मी पाच वर्षं दिली होती
ती चौथ्या महिन्यात दोलोन घाटात बसली, ती बसलीच.
आणि जिच्यापुढे हात टेकले होते
ती अजून कोळसा वाहते.
मला बघितलं की तिचा मालक हॉर्न वाजवतो,
लांबलचक.

साडेनऊला किल्ली फिरवली.
दोन आचके, मग धरलं.
मागून निळा धूर. मी मोजला. चार सेकंद.
मग पांढरा, मग नुसती हवा.
"तेल पिते," मी म्हटलं.
"थोडं," तुर्सुनाली म्हणाला.
सकाळपासूनचा त्याचा पहिला खरा शब्द.

"किती हिवाळे?" बुरुलकानने विचारलं.
गाईच्या पाठीवर हात ठेवून
लोक तिला नेमकं हेच विचारतात, मला माहीत होतं,
आणि ती काय उत्तर देते तेही.
"चार," मी म्हटलं. "पाचवा तुमच्या हातावर."

ती ऐकत नव्हती. मागची चटई उचलून बघत होती.
खाली जवाचे दाणे, लोकर,
एक सुकलेला बोर्सोक,
आणि एक दात. दुधाचा. माणसाच्या पोराचा.
सवयीने तिने तो उजेडात धरला.
"सहा वर्षं," म्हणाली. "फार तर सात."

तुर्सुनालीने हात पुढे केला.
दात मुठीत घेतला, मूठ खिशात.
"आता अठ्ठावीसची आहे. मॉस्कोत असते."
नंतर बराच वेळ तिघंही टायरकडे बघत होतो,
जणू टायर काही बोलणार होतं.

भाव त्याने एका सोमनेही उतरवला नाही.
पण पैसे मोजून झाल्यावर
दुसऱ्या खिशातून दुसरी किल्ली काढली,
जी सकाळी
"हरवलीय, फार वर्षं झाली" होती.

परतताना ती चालवत होती.
त्या खड्ड्यात ती पुरती बुडालेली,
मान ताणून रस्ता बघत होती.
चढाला लागल्यावर तिने रेडिओ लावला.
मी बंद केला. मला एंजिन ऐकायचं होतं.
तिने पुन्हा लावला.