रविवारपर्यंत कळवा

इब्रीच्या पुढं दीड तास गाडी नुसती सरळ जाते.
उंटांपासून सावध राहा म्हणणाऱ्या पाट्या,
एकही उंट नाही.
मग एकाएकी फाटक, हिरवळ,
आणि घोड्यांचा तबेला,
मोहोळच्या आमच्या अख्ख्या शाळेएवढा.

दोन दिवस मी इथली पाहुणी.
खोलीत फळांची टोपली, कागदात गुंडाळलेली,
आणि करार. सही करायच्या जागी
पिवळ्या चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या.
पगाराचा आकडा रियालमध्ये वाचते,
मग रुपयांत, मग घराच्या हप्त्यांत,
मग परत रियालमध्ये,
कारण तिथं तो लहान दिसतो
आणि पाणी प्यावं लागत नाही.

काल नमुना तास झाला. विषय : नदी.
वर्गात अकरा मुलं.
हजेरी संपली तरी सवयीनं पान उलटलं,
मागं कोरं.
फळ्यावर उगम काढला, नागमोडी वळणं, मुख.
इंग्रजीत नदी जरा कोरडीच झाली.
मुअतसिम नावाच्या मुलानं हात वर केला :
मिस, आमची वादी तीन वर्षांत एकदा येते,
गेल्या खेपेला काकांची गाडी घेऊन गेली.
मी म्हटलं, आमच्या सीनेच्या पात्रात
आठ महिने पोरं क्रिकेट खेळतात.
अकराच्या अकरा हसले.
तेवढ्यापुरती मी इथलीच होते.

शेवटचा बाक कुठंय, मी विचारलं.
मुख्याध्यापक म्हणाले, टेबल गोल आहे.

अडुसष्टांच्या वर्गात सुषमा थिटे
शेवटच्या बाकावर बसायची.
तिनं वस्तीमागच्या टेकडीच्या समोच्च रेषा
कुणी न सांगता वहीत काढल्या होत्या.
मला ती वही फेब्रुवारीत सापडली.
लोक याला माझं कौतुक म्हणतात.
मी जूनपासून त्या वर्गावर होते.

प्रयोगशाळेत बशीर मुकादम, श्रीवर्धनचे,
इथं एकवीस वर्षं.
मराठी ऐकून आधी स्टूल पुसलं, मग बोलले,
“मॅडम, हितं पैसा साठतोच.
खर्चायला दुकान कुठाय?”
बरण्या लावता लावता, माझ्याकडं न बघता :
“पोरीचा निकाह फोनवर बघितला.
तिनं कबूल म्हटलं तेव्हाच रेंज गेली.”

मग त्यांनी कपाट उघडलं.
आत तो खडक, उशीसारखा फुगलेला लाव्हा,
समुद्राच्या तळाशी थिजलेला, इथं डोंगरावर सापडलेला.
सोळा वर्षं मी तो पुस्तकातल्या
अंगठ्याएवढ्या चित्रावरून शिकवला,
छपाई अशी की मुलांना बटाटा वाटायचा.
हातात घेतला तर गार, आणि वाटला त्याहून जड.
“न्या,” बशीरभाई म्हणाले, “असले शंभर पडलेत.”

रात्री श्रीरंगचा फोन. “तुझं तू ठरव.”
या वाक्याचा अर्थ
लग्नाला एवढी वर्षं होऊनही मला लागत नाही.
भाजी काय केलीस, मी विचारलं.
“शेपू.”
त्याला शेपू आवडत नाही.

आता बाहेर जनरेटर आणि त्यापलीकडं काही नाही.
क्षितिजावर तेलविहिरीची एक ज्योत,
तिच्यामुळं अंधार किती आहे ते कळतं.
खिडकी उघडत नाही, ती तशीच बनवलीय.
प्रश्नांची यादी करायला घेतली.
पहिला : शुक्रवारी गावात जायला गाडी असते का?
खोडला. उत्तर ठाऊक आहे :
व्यवस्था होईल.
इथं सगळ्याची व्यवस्था होते.

एसीच्या वाऱ्यानं करार उडू नये म्हणून
त्यावर खडक ठेवलाय.
वर यायचं की नाही, हे ठरवायला
त्याला कुणी रविवारपर्यंतची मुदत दिली नव्हती.
तो बॅगेत घालून बघते. दोन किलो तरी असेल.
काढते. कपडे पुन्हा घड्या घालून ठेवते.
परत घालते.

पेनाचं टोपण मघाशी काढलं होतं,
ते सापडत नाहीये.
पलंगाखाली वाकून बघते.
वाळू. एवढ्या बंद खोलीत.