काय लपवते ती?

कादी आली तेव्हा तिच्यासोबत
दोनशे बारा पानांची फाइल आली.
लशी, दात, वजन, कोर्टाचा शिक्का,
आधीची चार घरं, त्यांचे पिनकोड.
रात्री दोनला ती जिना उतरून
पावाच्या डब्याशी का बसते,
ते कुठल्याच पानावर नव्हतं.

चादर बदलताना सापडलं सगळं:
वाळून कडक झालेले तुकडे, अर्धं सॉसेज,
चीजवर उगवलेली हिरवी लव.
मी रागावले. खोटं कशाला बोलू.
"या घरात तुला कोणी उपाशी ठेवलंय का?"
ती भिंतीकडे बघत राहिली,
उत्तर भिंतीने द्यायचं असल्यासारखी.

मग मी फोन हाती घेतला.
पहिल्या नंबरावर बासरी वाजत राहिली, बावीस मिनिटं.
दुसरीकडची बाई गोड बोलली:
मुलगी आमच्या काउंटीतली, पण घर तुमचं तिकडे,
तेव्हा तिकडे विचारा.
तिकडे विचारलं. ते म्हणाले, घर आमच्याकडचं,
पण मुलगी त्यांची.
मुलगी जिन्यावर बसून ऐकत होती
आपण नेमकी कुणाची.

तिसरीकडे यादीत नाव लागलं.
अकरा आठवडे, कदाचित चौदा.
तोवर वाचायला पत्रक पाठवतो, म्हणाले.
पत्रकावर हसरं कुटुंब, मागे गवत,
सगळ्यांचे दात सारखे.

इओलो म्हणाला, होईल हळूहळू.
तो होलीहेडच्या बंदरावर कामाला आहे,
डब्लिनची बोट चार तास रखडली तरी असंच म्हणतो.

खरा पत्ता मिळाला शाळेच्या स्वयंपाकघरात.
कादीच्या ताटात न विचारता दुसरा बटाटा वाढणाऱ्या डिलिसने
पावतीच्या पाठीवर लिहून दिलं:
मंगळवार, सात. चॅपलमागची खोली. दार जोरात ढकल.

दार खरंच जोरात ढकलावं लागलं.
आठ खुर्च्या, चहाची किटली, ओल्या कोटांचा वास.
मी तयारीनं गेले होते: तारखा, फाइल,
आपण वाईट आई नसल्याचे पुरावे.
टुडुर नावाच्या म्हाताऱ्याने,
बोटीच्या इंजिनापाशी कान गमावलेल्या,
दोन भावांना एकदमच दत्तक घेतलेल्या,
फाइल उघडूच दिली नाही.
"काय लपवते ती?" एवढंच विचारलं. मोठ्यानं.

पाव, मी म्हटलं.
"आमचा लोणी."
"सॉसच्या पुड्या, उशीच्या अभ्र्यात."
"आमचे दोघे कच्चे बटाटे," टुडुर म्हणाला,
"गादीत कोंब फुटले होते."
कोपऱ्यातली मेरेरिद इतका वेळ गप्प होती.
"माझा बूट," ती म्हणाली. "एकच.
एका बुटावर कोण कुठे जाणार?"
आम्ही हसलो.
मग बराच वेळ कोणी कुणाकडे बघितलं नाही.

निघताना हातात आलं ते एवढंसं:
मेरेरिदचा नंबर, रात्री दहानंतरही चालेल;
खेळता खेळता मुलांना बोलतं करणारी बँगोरची एक बाई,
तिच्या फीसाठी कुठला फॉर्म, कुठल्या रकान्यात काय लिहायचं नाही;
आणि टुडुरचा जुना पत्र्याचा डबा, झाकण चेपलेलं.
तिच्या उशाशी ठेव. भरलेला.
रिकामा राहू देऊ नकोस. मोजू नकोस.

पहिल्या रात्री डबा साफ. दुसऱ्या, तिसऱ्याही.
नवव्या रात्री मी मोजलंच.
महिन्याने एक सफरचंद तसंच राहिलं, सुरकुतलेलं.
मी इओलोला झोपेतून उठवून दाखवलं.

यादीतला नंबर अजून लागलेला नाही.
दर सोमवारी फोन करते. बासरी पाठ झालीय.
कादी ती शिळेवर वाजवते, माझ्यापेक्षा सुरात.

आज सकाळी बंदरावर धुकं, मला उशीर,
आणि दाराशी माझा उजवाच बूट.
कादी टोस्ट खात होती, खिडकीबाहेर बघत,
जरा जास्तच लक्ष देऊन.
मी शोधला नाही.
इओलोचे गमबूट चढवले, चार नंबर मोठे,
तिला ऐकू जातील असे पाय आपटले,
आणि म्हटलं,
साडेतीनला फाटकाशी आहे मी.