नव्व्याण्णव

रूवीत, हमरियाच्या मागल्या गल्लीत
आमच्या खोलीत चार पलंग, एक एसी,
आणि होडेकरने जुन्या बाजारातून
साडेसहा रियालला आणलेलं मारामारीच्या गेमचं खोकं.
डाव्या रिमोटचं लाथेचं बटण मेलेलं.
डावीकडे बसेल तो हरणार, हे ठरलेलंच.

पहिला महिना आम्ही नुसते बदडत सुटलो.
मग एका शुक्रवारी होडेकर मध्येच उठला,
कुकरची शिट्टी झाली म्हणून,
आणि दोन्ही पहिलवान तसेच राहिले बंदराच्या धक्क्यावर,
मुठी छातीशी, जागच्या जागी डुलत.
तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं
की खाली काहीतरी वाजतंय.

इतके दिवस त्याच्यावरच पडत होते आमचे फटके.

रोडेल म्हणाला, बेस ऐक.
तो मनिलाला लग्नांत गिटार वाजवायचा,
इथे हॉटेलात चादरी मोजतो.
मी ऐकला.
धक्क्याखालून मोठा मासा सरकावा
तसा चालला होता, पाणीही न हलवता.
वर बासरी. खरी नव्हेच,
पत्र्याच्या नळीत फुंकल्यासारखी,
पण तिसऱ्या ओळीला ती एक सूर जरासा लांबवते
तिथे माझ्या मानेवर काटा येतो.
अजून येतो. लिफ्टच्या खड्ड्यात
ग्रीस लावताना आठवली तरी.

कुणी केली असेल ही चाल?
शेवटी नावं येतात, भरभर, जपानीत.
होडेकरने पडद्याचा फोटो काढून ठेवलाय.
वाचता कुणालाच येत नाही.

नंतर आम्ही गेम लावायचो आणि खेळायचो नाही.
नव्व्याण्णववरून घड्याळ खाली खाली,
शून्याला सूर अर्ध्यात तुटायचा, निकाल: बरोबरी.
शेजारचा शेरदिल दारातून बघून म्हणाला,
हे दोघं लढत का नाहीत?
मीटिंग चालू आहे, होडेकर म्हणाला.

जीवाची पट्टी तळाला गेली की लय दुप्पट होते,
आमच्या गुहागरकडे जाखडीची शेवटची फेरी असते तशी.
ती ऐकायची म्हणून एकाने दुसऱ्याला
हळू हळू मारत आणायचं
एका फटक्यावर,
आणि हात काढून घ्यायचा.

मागे धक्क्यावर एक हमाल आहे.
पेटी उचलतो, ठेवतो, उचलतो.
कोण जिंकतंय ते त्याने एकदाही पाहिलेलं नाही.
हा आपल्या कंपनीतला, रोडेल म्हणतो.

मग कुठल्याशा यादीत सापडलं: वेळ, अमर्याद.
त्या रात्री गाण्याचा शेवट ऐकायला बसलो.
दोन मिनिटं गेली. बेस एक पायरी वर चढला,
कधी न ऐकलेली एक ओळ आली,
ओळखीच्या घरात अचानक आणखी एक दार निघावं तशी,
आणि सांधाही न दिसता
पहिला सूर.
शेवट नव्हताच.
रोडेल एकटाच हसला. पुष्कळ वेळ.

काल मी बटण दुरुस्त केलं,
लिफ्टच्या जुन्या पॅनेलमधली स्प्रिंग घालून.
होडेकरने लाथ मारून पाहिली.
समोरचा आडवा झाला, धाडकन,
नेमका तिसऱ्या ओळीवर, बासरीच्या त्या सुरावर.

चुकलं रे, होडेकर म्हणाला,
पहिल्यापासून लाव.