तोंडओळख

पहाटे चारला दिवे लावून
ग्विलिम प्रॉसरच्या शेडचं पाणी बंद केलं.
दोन तास.
तहान लागली पाहिजे, कासावीस नको.
ते घड्याळात नसतं, आवाजात असतं:
आधी कुजबुज, मग कोरड्या नळीवर चोचींची टिकटिक,
मग सहा आठवड्यांच्या सोळा हजार तलंगांची एकच तक्रार
पत्र्याखाली चढत जाते
आणि ग्विलिम म्हणतो, आता.

"या आठवड्यात प्रतिजैविक दिलंस?"
"नाही."
"शपथ?"
"शपथ."

बादलीत बिनसायीच्या दुधाची पावडर.
लेमिन्स्टरच्या नळाला क्लोरीन आहे
आणि माझे जंतू जिवंत आहेत,
त्यांना मारायला पिण्याचं स्वच्छ पाणीही पुरतं.
दूध मध्ये पडतं, भांडण मिटवणाऱ्या शेजारणीसारखं.
गोळ्या पाण्याखाली धरून फोडायच्या.
मग निळा रंग.

साल्मोनेला. हाच तो.
सात वर्षांपूर्वी त्याच्यापायी
एका मंगळवारी इथे लॉऱ्या लागल्या होत्या.
ग्विलिमने पुढे वर्षभर अंडं खाल्लं नाही.
आता कुणीतरी त्याची रग जिरवली आहे:
पोटात उतरेल, थोडे दिवस राहील,
पाहुण्यासारखा. भाडेकरूसारखा नाही.

"मेलेला का नाही देत?"
दर खेपेला हाच प्रश्न.
देऊ ना, सोळाव्या आठवड्यात, सुईने.
पण फोटोवरून ओळखणं वेगळं,
एका पंगतीला जेवलेलं वेगळं.
त्याला पटत नाही. तोंडावर दिसतं.

मी बाही वर सारते.
डाव्या दंडावर चार आण्याएवढा खळगा.
बीसीजी. मिरजेला, जन्मल्याच्या आठवड्यात.
"हाही जंतूच. जिवंत. मवाळ केलेला."

तो बघतो.
मग त्या थंडीत, मी काही न म्हणता,
जाकीट, स्वेटर, शर्टाची तीन बटणं,
आणि स्वतःचा दंड पुढे धरतो.
तेराव्या वर्षी, शाळेच्या व्यायामशाळेत, रांगेत.
पोरं नंतर नेमकी तिथेच बुक्की मारायची म्हणे.
तोच खळगा. जरा मोठा.

साडेसातला शंभर चोची उघडल्या.
ब्याण्णव जिभा निळ्या,
जांभळं खाऊन "नाही खाल्ली" म्हणणाऱ्या पोरांच्या असतात तशा.
आठ फिकट.
"कुठल्या कोपऱ्यातल्या?" तो विचारतो.
उत्तरेच्या भिंतीकडच्या, सगळ्या.
नळीत हवा अडकली असणार.
अजून अर्धा तास जिवंत आहे पाणी.

तो गुडघ्यावर बसून शेवटचं टोपण सैल करतो.
फुस्स.
काही नाही. अजून काही नाही.
मग निळं, थेट त्याच्या बोटांवर,
आणि आठातली एक, पाठमोरी होती ती,
वळते.

हात धुऊन घे, मी म्हणते.
धुतो, दोनदा, साबणाने.
नखांच्या कडेचं निळं राहतंच.