काजळी

तेलात कालवलेली काजळी बोटाने नळीला फासायची,
नळी खोबणीत बसवायची, लाकडी हातोड्याचा एक टोला,
आणि अलगद उचलायची.
जिथे काळं उमटलं, तिथे लाकूड आडवं येतंय.
तेवढंच तासायचं. कांद्याच्या पापुद्र्याएवढं.
पुन्हा काजळी.

होबर्ट हे गुणगुणत करायचा.
मी शिव्या देत करते.

फळी त्याचीच. ग्रीनब्रायरच्या काठचा मेपल,
बाहेरून मुकाट, आतून वाघासारखा पट्टेरी,
नऊ वर्षं माळ्यावर वाळवलेला.
खोबण ओबडधोबड कोरून गेला,
आणि गजाचं भोक, हातभर लाकडाच्या पोटातून, सरळ
(ते माझ्याच्याने झालं नसतं, कबूल),
आणि बुडावर पेन्सिलीने लिहून गेला:
डॅरेल. डावखुरा. सव्वातेरा.
कोपराच्या लवणीपासून तर्जनीच्या पेरापर्यंत
मोजलेला पोराचा हात.
त्या खुणेवर करवत फिरूनही झाली होती.

डॅरेल उगवला दोन वर्षांनी, ऑक्टोबरात,
लाकूडगिरणीतून थेट, भुवयांत भुसा.
दस्ता खांद्याला लावला
तर अंगठा नाकावर आपटला.
ताडासारखं वाढलेलं पोरगं.
लाकडाला कुणी कळवलंच नव्हतं.

म्हणाला, बुडाला तुकडा जोडता येईल ना?
येईल, म्हटलं. सरस आहे, अक्रोडाची चकती आहे.
आणि जोडायला हातच उचलेना.

बाहेर ट्रकमध्ये त्याची बहीण, निओमा,
सफरचंद खात बसलेली.
डाव्या हाताने.
मी काचेवर टकटक केलं.

आता शाळा सुटली की येते.
दस्ता तिला अर्धा इंच लांबच होतो. होऊ दे, वाढेल.
कानस मी चालवते, ती बूड धरते,
मध्येच थांबवते, गाल टेकवते, डोळे मिटते,
"अजून टोचतंय."
होबर्टने कुणाचं इतकं ऐकलं नसतं.

तिला सांगून ठेवलंय:
तेजाब लावलं की लाकूड शेवाळासारखं हिरवं पडेल,
घाबरायचं नाही.
तापलेली सळई जवळून फिरवली
की एकेक पट्टा जागा होईल, आधी मधासारखा, मग तांबूस.
बुडाला पितळी पट्टी बसेल.
त्याखाली डॅरेलच राहील, त्याच अक्षरात.
ते मी घासलेलं नाही.

आज जाताना तिच्या डाव्या गालावर
काजळीचं एक बोट उमटलं होतं.
आईने विचारलं तर विचारू दे.
मी काही बोलले नाही.